फिल्मचा खर्च आधी, डिजिटलचा नंतर

वाचकांचे प्रश्न : छायाचित्रण

या वेळच्या पत्रांना माळ्यावरच्या ट्रंकांचा वास आहे. कोणाला वडिलांचा कॅमेरा सापडला आहे, कोणाला निगेटिव्हचा डबा, आणि जवळजवळ प्रत्येकाने पत्राच्या शेवटी विचारले आहे की फिल्म चांगली की डिजिटल. हा प्रश्न हाती असलेले काम समोर ठेवल्याशिवाय सुटत नाही, म्हणून एकेका पत्राच्या निमित्ताने त्याचे उत्तर देत जातो.

माझ्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात घेतलेला निकॉन एफएम२ कॅमेरा माळ्यावर सापडला. महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या मुलीला त्यावर फोटो काढायचे आहेत. तिच्या मैत्रिणी सांगतात की फिल्मची सर डिजिटलला येत नाही. आमच्या गावातले स्टुडिओवाले म्हणतात की आता फिल्म म्हणजे पैशांची नासाडी. खरे काय मानावे?
— एक वाचक, सातारा

दोघांचेही अर्धे खरे आहे. दर्जा म्हणजे बारकावा असे धरले तर ३५ मिलिमीटर फिल्मची बाजू आज लंगडी पडते. तिची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. ती इंचाला ४००० ठिपके या हिशेबाने स्कॅन केली की साधारण २१ मेगापिक्सेलचे चित्र हाती येते, आणि त्यातही बारकाईने पाहू गेल्यास शेवटी तपशील संपून फिल्मचा दाणाच, म्हणजे ज्या बारीक कणांनी चित्र बनते ते कण, दिसू लागतो. तेवढ्याच आकाराचा सेन्सर असलेला आजचा कॅमेरा याच्या पुढे सहज जातो. कमी उजेडात तर तुलनाच नको. आयएसओ म्हणजे फिल्म किंवा सेन्सर उजेडाला किती संवेदनशील आहे याचे माप. ४०० आयएसओचा रोल भरला की छत्तीस फोटो संपेपर्यंत आपण ४०० ला बांधले जातो. सकाळी अंगणात असलेला माणूस संध्याकाळी देवळाच्या गाभाऱ्यात पोहोचला तरी कॅमेऱ्यात रोल तोच असतो. डिजिटलमध्ये आयएसओ दर फोटोला बदलता येतो.

मग फिल्मकडे काय उरते? माझ्या मते, चूक सोसण्याची तिची वेगळी रीत उरते. डिजिटल सेन्सरवरचा एकेक बिंदू पागोळीखाली ठेवलेल्या तांब्यासारखा असतो. भरेपर्यंत थेंबाथेंबाचा हिशेब लागतो. एकदा काठोकाठ भरला की त्यानंतर किती पाऊस पडला हे त्याला सांगता येत नाही. निगेटिव्ह फिल्म अशी एकदम भरत नाही. प्रकाश जास्त झाला की तिचा प्रतिसाद हळूहळू मंदावतो, पण बराच काळ थांबत नाही. भर दुपारी वारीतल्या दिंडीचा फोटो काढताना दोन स्टॉप प्रकाश जास्त पडला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), तरी पांढऱ्या सदऱ्याच्या आणि धोतराच्या चुण्या निगेटिव्हमध्ये शाबूत असतात. प्रिंट करणारा तेवढ्या भागाला एन्लार्जर या फोटो मोठा करणाऱ्या यंत्राखाली थोडा अधिक वेळ देऊन त्या कागदावर आणतो. डिजिटलमध्ये तीच चूक झाली तर सदऱ्याच्या जागी कोरा कागद उरतो आणि कोणतेही सॉफ्टवेअर त्यात चुणी परत घालू शकत नाही. सावलीच्या बाबतीत मात्र पारडे उलटे फिरते. छत्रीखालच्या वारकऱ्याच्या चेहऱ्याला फिल्मवर प्रकाश कमी मिळाला तर निगेटिव्ह तिथे काचेसारखी स्वच्छ राहते, म्हणजे तिथे काहीच नोंदलेले नसते. आजचा सेन्सर तोच चेहरा अंधारातून वर काढून दाखवतो.

मुलीला एकच नियम सांगा : फिल्मवर प्रकाश सावलीसाठी मोजायचा आणि डिजिटलवर उजळ भागासाठी. फोनवर फोटो काढून वाढलेली मुले नेमकी येथेच फसतात. त्यांना प्रकाश कमी ठेवण्याची सवय लागलेली असते आणि पहिला रोल सगळा राखाडी, निस्तेज येतो. स्लाइड फिल्मला, म्हणजे जिच्यावर उलटे नव्हे तर थेट सरळ चित्र येते तिला, मात्र हा नियम लावू नये. ती डिजिटलसारखी वागते, किंबहुना त्याहून हट्टी असते. अर्ध्या स्टॉपची चूकही तिच्यावर उघडी पडते.

आता कॅमेऱ्याविषयी. एफएम२ चे शटर पूर्णपणे यांत्रिक आहे. त्यातल्या दोन बटण सेलवर फक्त प्रकाशमापक चालतो, त्यामुळे सेल मेले असले तरी सर्व वेगांना शटर पडायला हवे. पाठीमागचे झाकण उघडून ते पाहून घ्या. झाकणाच्या कडेला असलेला काळा फोम इतक्या वर्षांत चिकट होऊन भुगा झालेला असणार. तो बदलल्याशिवाय रोल भरला तर कडेने प्रकाश शिरेल. काम करून देणारे दुरुस्तीवाले मोठ्या शहरांत अजून आहेत. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीची जाळी आहे का तेही पाहावे.

एक सूचना स्वानुभवातून. नात्यातल्या एका लग्नात मी अंतरपाट दूर झाल्यापासून वरातीपर्यंत फोटो काढत होतो. छत्तीस झाले, सदतिसावा निघाला, अडतिसावाही निघाला, तेव्हा पोटात गोळा आला. रोल कॅमेऱ्याने पकडलाच नव्हता. कोपऱ्यात जाऊन झाकण उघडले तर फिल्मची जीभ दातेरी चक्रावरून निसटून जिथल्या तिथे पडली होती आणि वरचा आकडा मात्र इमानाने पुढे सरकत गेला होता. म्हणून रोल भरल्यावर पहिल्या दोन वेळा फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढताना डावीकडची रोल गुंडाळायची कळ उलटी फिरते आहे ना, हे पाहायची सवय तिला पहिल्याच दिवशी लावा. ती फिरत असेल तर आत फिल्म सरकते आहे. डिजिटलवाल्याला ही काळजी नसते, कारण पहिला फोटो काढताच पडद्यावर दिसतो.

आमचा पैठणीचा व्यवसाय आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईच्या छायाचित्रकाराकडून फिल्मवर काढून घेतलेल्या आमच्या माहितीपत्रकातला कुंकवाचा लाल आणि राणी रंग आजही डोळ्यांत भरतो. आता उत्तम डिजिटल कॅमेरा घेऊन दुकानातच फोटो काढतो, पण लाल रंग प्लॅस्टिकसारखा सपाट येतो आणि पोतावर कधी कधी नसलेले पट्टे दिसतात. पुन्हा फिल्मकडे वळावे का?
— एक वाचक, येवला

वळू नये. आपल्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, परंतु त्यांची कारणे निरनिराळी आहेत आणि त्यांतील एकाच तक्रारीचा दोष डिजिटलच्या पदरात टाकता येतो.

तो दोष पट्ट्यांचा. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या चौकटींची जाळी बसवलेली असते. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांनी ही रचना मांडली आणि १९७६ मध्ये तिचे पेटंट मिळाले. तिच्यात निम्म्या चौकटी हिरव्या आणि पाव-पाव लाल व निळ्या असतात. ही जाळी अगदी नियमित असते, आणि आपल्या रेशमाचे ताणे-बाणेही तितकेच नियमित असतात. दोन बारीक जाळ्या एकमेकींवर धरल्या की तिसरीच नक्षी उमटते, हे मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले की कोणालाही दिसते. फिल्मवरचे दाणे कसेही विखुरलेले असतात, तिथे जाळीच नसते, म्हणून हे पट्टे तिच्यावर उमटत नाहीत. उपाय सोपा आहे. कॅमेरा हातभर पुढे-मागे घ्या किंवा साडीचा कोन किंचित बदला, म्हणजे पट्टे विरतात. तरीही हटले नाहीत तर भिंगाचे छिद्र एफ१६ पर्यंत लहान करा. चित्र अगदी थोडे मऊ होईल, पण पट्टे जातील. पडद्यावर छोट्या आकारात पाहतानाही असे पट्टे भासतात, तेव्हा फोटो शंभर टक्के मोठा करून खात्री केल्याशिवाय कॅमेऱ्याला बोल लावू नये.

लाल रंगाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. कुंकवासारख्या गडद लालात हिरवा आणि निळा भाग जवळजवळ नसतोच, सगळा भार लाल बिंदूंवर येतो. एकूण प्रकाश बरोबर असूनही लाल तांब्या आधी भरतो. तो भरला की पदराच्या घडीतला फिका लाल आणि पुढचा गर्द लाल यांतला फरक पुसला जातो, आणि आपण म्हणता तसे प्लॅस्टिक दिसू लागते. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांच्या उजेडाचे वेगवेगळे आलेख (हिस्टोग्राम) दाखवण्याची सोय असते. एकत्रित पांढरा आलेख पाहू नका, लाल पाहा. तो उजव्या कडेला चिकटला असेल तर प्रकाश दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा आणि जेपीईजीऐवजी रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, नोंद घ्या.

माझा खरा संशय मात्र दुकानातल्या दिव्यांवर आहे. स्वस्त एलईडी नळ्यांच्या उजेडात गडद लालाचा अंश फार कमी असतो. जो रंग उजेडातच नाही तो साडीवरून परावर्तित होणार कसा आणि सेन्सर तरी तो टिपणार कुठून? गिऱ्हाईक साडी घेऊन दुकानाबाहेर उजेडात का जाते, याचे उत्तरही हेच आहे. उत्तरेकडच्या खिडकीपाशी, ऊन अंगावर न घेता, शेजारी एक पांढरा कागद ठेवून फोटो काढून पाहा.

त्या काळी अशी माहितीपत्रके बहुधा मोठ्या आकाराच्या स्लाइड फिल्मवर काढली जात, कारण छापखान्याला रंगविभाजनासाठी तीच हवी असे. स्लाइड चुकीला क्षमा करत नसल्यामुळे छायाचित्रकार दिवे लावण्यात अर्धा दिवस घालवी, लगेच फोटो देणाऱ्या पोलरॉइडवर चाचणी घेई आणि एकाच साडीचे कमी-जास्त प्रकाशाचे तीन-चार फोटो काढून ठेवी. आपल्याला आवडला तो लाल त्या अर्ध्या दिवसातून आलेला आहे. तेवढा वेळ डिजिटलला दिला तर तोही तो लाल देईल. धूपछाव रंगाच्या पैठणीचे मात्र कोणाकडेच उत्तर नाही. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेली साडी कोनाकोनाला वेगळी दिसते. तिचे दोन फोटो शेजारी-शेजारी छापावेत हे उत्तम.

घरात १९७० ते १९९५ या काळातील निगेटिव्ह एका पत्र्याच्या डब्यात आहेत. काहींवर पांढरी बुरशी आली आहे, काही एकमेकींना चिकटल्या आहेत. त्या डिजिटल करून घेतल्यावर मूळ निगेटिव्ह टाकून दिल्या तर चालतील का?
— एक वाचक, रत्नागिरी

टाकू नका. हे पहिले सांगून मग बाकीचे सांगतो.

आधी डबा उघडून वास घ्या. आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर त्या पट्ट्यांचा ॲसिटेटचा पाया, म्हणजे चित्राचा थर ज्यावर असतो ते प्लॅस्टिक, विघटित होऊ लागला आहे. त्यांतून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या चांगल्या निगेटिव्हनाही बाधते, म्हणून अशा पट्ट्या त्याच दिवशी वेगळ्या ठेवा. त्यानंतर कृष्णधवल आणि रंगीत असे दोन ढीग करा आणि कृष्णधवल निगेटिव्ह जास्त जुन्या असल्या तरी स्कॅनिंग रंगीत निगेटिव्हपासून सुरू करा. कृष्णधवल निगेटिव्हमधील चित्र धातुरूप चांदीचे असते आणि नीट धुतलेली चांदी फार काळ टिकते. रंगीत निगेटिव्हमधली चांदी धुलाईच्या वेळीच काढून टाकलेली असते. मागे उरतात ते फक्त सेंद्रिय रंग, आणि ते अंधारातही वर्षागणिक फिके पडत राहतात. म्हणजे आजोबांच्या फोटोला घाई नाही, नव्वद सालच्या बारशाला आहे.

बुरशी दिसली की माणूस पट्टी नळाखाली धरतो. तसे मुळीच करू नका. बुरशी फिल्मवरच्या जिलेटिनवर जगते आणि तिने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळते. बुरशीबरोबर चेहराही वाहून जातो. औषधांच्या किंवा रसायनांच्या दुकानात ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. ते मऊ कापसावर घेऊन आधी पट्टीच्या कोऱ्या टोकावर लावून पाहा, मग हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा. चिकटलेल्या पट्ट्या ओढू नका. त्या जाणकाराकडेच द्याव्यात. जुन्या स्टुडिओंची बटर पेपरची पाकिटे दमट हवेत निगेटिव्हला चिकटतात आणि पीव्हीसीच्या पिशव्या तर त्याहून वाईट असतात. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या किंवा आम्लरहित कागद वापरा. डब्यात निळ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी, ती गुलाबी झाली की तव्यावर मंद गरम करून पुन्हा निळी करून घ्यावी. कोकणात जून ते सप्टेंबर हे काम पंधरवड्याला करावे लागते. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवण्याची आपल्याकडची जुनी सवयही येथेच सोडून द्यावी, कारण चामडे ओल धरून ठेवते.

स्कॅनिंगसाठी महागडा स्कॅनर घ्यायलाच हवा असे नाही. काचेवर ठेवून स्कॅन करणारी घरगुती यंत्रे खोक्यावर जेवढे ठिपके छापतात त्याच्या निम्मेही प्रत्यक्षात उतरत नाहीत. मॅक्रो लेन्स (अगदी जवळून टिपणारे भिंग) असलेला डिजिटल कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून बसवा, खाली चांगल्या प्रतीचे सपाट प्रकाशपटल ठेवा, निगेटिव्हभोवतीचा उजेड काळ्या कागदाने झाका, खोलीतले दिवे मालवा आणि रॉ नोंद घ्या. एकदा बैठक जमली की एका तासात दोन-तीन रोल होतात. स्कॅनरमध्ये धूळ आपोआप पुसणारी जी अवरक्त किरणांची सोय असते ती कृष्णधवल निगेटिव्हसाठी बंद ठेवावी. चांदी त्या किरणांना अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते.

आता निगेटिव्ह का टाकू नये ते. माझी एक हार्ड डिस्क काही वर्षांपूर्वी एका सकाळी टकटक आवाज करून बंद पडली आणि दोन वर्षांचे काम गेले. त्याच कपाटात खालच्या खणात १९८७ चे रोल होते; ते अजून आहेत. यावरून फिल्म टिकाऊ आणि डिजिटल नाशवंत असे मात्र ठरत नाही. निगेटिव्ह एकच असते आणि ती पुरात गेली की गेली. डिजिटल नोंदीच्या हव्या तितक्या हुबेहूब प्रती करता येतात, फक्त त्या कोणीतरी करायला हव्यात. मी त्या केल्या नव्हत्या. आपण दोन वेगळ्या डिस्कवर दोन प्रती करा, तिसरी गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा, आणि डबा तसाच जपा.

घरीच कृष्णधवल रोल धुवायला शिकलो. हिवाळ्यात उत्तम जमले, पण एप्रिल-मे महिन्यांत धुतलेले दोन्ही रोल फार गडद आणि दाणेदार आले. काय चुकले?
— एक वाचक, नागपूर

आपले काही चुकले नाही, नागपूरचे पाणी चुकले. डेव्हलपरची, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या औषधाची, वेळ २० अंश सेल्सिअसला धरून दिलेली असते आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी त्याच्या आसपासही नसते. तापमान एका अंशाने वाढले की वेळ साधारण दहा टक्क्यांनी घटवावी लागते. २० अंशांना दहा मिनिटे लागत असतील तर २४ अंशांना साडेसहाच्या आसपास आणि ३० अंशांना जेमतेम साडेतीन मिनिटे लागतील. पाच मिनिटांहून कमी वेळात औषध फिल्मवर सगळीकडे सारखे काम करत नाही, म्हणून ३० अंशांवर नुसती वेळ कमी करून भागत नाही.

माठातले पाणी वापरा. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ पाणी चांगलेच गार करतो. डेव्हलपरची बाटली, हायपो (चित्र पक्के करणारे औषध) आणि मधले पाणी हे सगळे एका टोपात माठाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. बर्फ घालायचाच झाला तर बंद पिशवीत घालून टोपात सोडा, औषधात कधीही थेट टाकू नका. डी-७६ हे डेव्हलपर वापरत असाल तर ते पाण्यात निम्मे-निम्मे करून घ्या, म्हणजे वेळ वाढते आणि २४ अंशांवरही आटोक्यात राहते. हे मिश्रण एकदा वापरून टाकून द्यायचे असते. डेव्हलपर गार आणि शेवटचे धुण्याचे पाणी ऊन, असे होऊ देऊ नका. तापमानाच्या एकदम झालेल्या फरकाने जिलेटिनला बारीक सुरकुत्या पडतात आणि आपण ज्याला दाणा म्हणता तो कदाचित हाच प्रकार असेल. आणखी एक. काळ्या पिशवीत हात घालून रोल चढवताना उन्हाळ्यात तळव्यांना घाम येतो आणि फिल्म प्लॅस्टिकच्या चक्रीत अडकते. रात्री बाथरूममध्ये दिवा मालवून, हात कोरडे करून चढवलेली बरी.

रंगीत रोलचे औषध मात्र ३८ अंशांना लागते. तिथे नागपूरकरांना टाकीतले पाणी आयतेच मिळते, पण त्यात पाव अंशाचा फरकही चालत नाही, तेव्हा हर्ष आवरावा.

मी विद्यार्थी आहे. फिल्म शिकण्यासाठी महाग आहे, तर डिजिटल फुकट आहे, हे म्हणणे बरोबर आहे का?
— एक वाचक, पुणे

आपण स्वतः मांडून पाहा. रोल नऊशे रुपयांना आणि धुलाई-स्कॅन सहाशेला मिळाले असे धरले, तर छत्तीस फोटोंचे पंधराशे, म्हणजे खटका दाबला की बेचाळीस रुपये गेले. ही रक्कम आधीच जाते, म्हणून ती दिसते. डिजिटलचा खर्च नंतर येतो आणि पैशांच्या रूपात येतोच असे नाही. एका लग्नात तीन हजार फोटो काढणारा छायाचित्रकार त्यांतून तीनशे निवडायला बसतो, एकाला पाच सेकंद धरले तरी नुसते पाहण्यातच चार तासांहून जास्त जातात, वर रंग सुधारणे, डिस्क घेणे, प्रती करणे. शटरलाही आयुष्य असते. बऱ्याच कॅमेऱ्यांचे शटर एक ते दोन लाख खटक्यांसाठी बनवलेले असते.

शिकण्यापुरते बोलायचे तर मी आपल्याला डिजिटलच सुचवीन. चूक कळायला आठवडा लागला तर ती का झाली हे विसरायला होते, आणि रोलच्या काळात आम्ही याच कारणासाठी वहीत प्रत्येक फोटोचा वेग आणि छिद्र लिहून ठेवत असू. सहा महिने डिजिटलवर काढा, तेही ऑटो बंद ठेवून. मग एखादा जुना यांत्रिक कॅमेरा उसना घेऊन महिन्याला एक कृष्णधवल रोल काढा आणि तो स्वतः धुवा. ज्यांना फक्त रोल धुवायला टाकून आलेले स्कॅन फोनवर पाहायचे आहेत, त्यांनी फिल्मवर पैसे घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे; फिल्मचे निम्मे काम, म्हणजे स्वतः धुणे, त्यांनी वगळलेले असते.

जाता जाता आपल्या वयाच्या वाचकांसाठी एक गोष्ट. पहिला हाती धरता येण्याजोगा डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन यांनी बनवला, आणि तो बनवला कोडॅकमध्ये. त्याचे चित्र ०.०१ मेगापिक्सेलचे होते आणि एक चित्र कॅसेटवर नोंदायला २३ सेकंद लागत. २०१२ मध्ये त्याच कंपनीला दिवाळखोरीतून संरक्षण मागावे लागले.

जेजुरीला सोमवतीला फोटो काढल्यावर सगळ्या फोटोंत त्याच त्या जागी काळपट डाग येतात. फिल्मच्या काळात असे कधी झाले नाही.
— एक वाचक, बारामती

होणार नव्हतेच. भंडाऱ्याचा कण फिल्मवर बसला तर पुढच्या खटक्याला तो फिल्मबरोबर निघून जाई; प्रत्येक फोटोला चौकट नवी असते. सेन्सर मात्र एकच, तोच, वर्षानुवर्षे. गडावर लेन्स बदलू नका. घरूनच एक लेन्स लावून निघा आणि कॅमेऱ्याला पातळ प्लॅस्टिकची पिशवी बांधा. आता पडलेले डाग हवेच्या रबरी फुग्याने, सेन्सर खाली तोंड करून, उडवून पाहा. तोंडाने फुंकर मारू नका. हळदीचे कण चिकटले असतील तर सफाई जाणकाराकडून करून घ्यावी.

फोनमधल्या ॲपने फोटोला फिल्मसारखा रंग आणि दाणा देता येतो. मग फरक काय राहिला?
— एक वाचक, ठाणे

रंगांची नक्कल आता खरोखरच चांगली होते, ते मान्य करायला हवे. पण फिल्मवरचे चित्र दाण्यांचेच बनलेले असते. दाणे काढले तर मागे काही उरत नाही. ॲपमधला दाणा पोह्यांवर भुरभुरलेल्या खोबऱ्यासारखा वरून पडतो, आणि तो पडण्याआधी जे आभाळ पांढरेफटक जळून गेले आहे ते त्याने परत येत नाही.

मुलाकडे अमेरिकेला जाणार आहे. सोबत दहा रोल आहेत. विमानतळावरच्या तपासणीत ते खराब होतात का?
— एक वाचक, कोल्हापूर

सामानात टाकलेल्या मोठ्या बॅगेत रोल कधीही ठेवू नका. तिथली क्ष-किरण यंत्रे फार तीव्र असतात. हातातल्या सामानासाठी पूर्वीची यंत्रे ८०० आयएसओच्या खालच्या रोलला एक-दोन वेळा सोसत, परंतु आता अनेक विमानतळांवर आलेली सीटी पद्धतीची यंत्रे कोणत्याही रोलला धुरकट करू शकतात. रोल खोक्यांतून काढून एका पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा. अमेरिकेत ती सहसा मान्य होते. आपल्याकडे ते समोरच्या अधिकाऱ्यावर अवलंबून असते, तेव्हा थोडे आधी पोहोचा. त्याहून बरे म्हणजे रोल तिथेच विकत घ्यावेत आणि परतण्यापूर्वी तिथेच धुवून घ्यावेत, कारण धुतलेल्या निगेटिव्हला क्ष-किरणांची भीती नसते. डिजिटलच्या मेमरी कार्डालाही ती नसते. ते खिशात राहिले तरी चालते, फक्त ती पँट धुवायला टाकू नका.